ग्रेटसोर्ड घेऊन कित्येक महिने: डी अँड डीमधली दुहाती शस्त्रं कितपत खरी वाटतात?

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ. आमच्या टेबलवर माझा फायटर (योद्धा पात्र) पहिल्या लेव्हलपासून ग्रेटसोर्ड, म्हणजे मोठी दुहाती तलवार, वापरतोय. कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी गोष्ट) २०१४च्या नियमांवर सुरू झालं आणि मध्येच आम्ही २०२४च्या नियमांवर आलो. त्यामुळे पात्र तेच, तलवार तीच आणि दोन्ही नियम अंगाखालून गेले. काही सेशन्स हॅलबर्ड (लांब दांड्यावर कुऱ्हाडीचं पातं आणि टोक) आणि ग्रेटॲक्स (दुहाती कुऱ्हाड) यांवरही काढली. ज्यांना दुहाती शस्त्राचा फायटर करायचाय आणि मध्ययुगात ही शस्त्रं खरोखर कशी चालायची याचंही वेड आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी वजन, कारण वाद सगळ्यात जास्त त्यावर होतात. १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात दुहाती तलवारीचं वजन २५ पौंडांच्या हिशेबाने दिलं होतं, म्हणजे अकरा किलोंहून जास्त. एवढी तलवार उचलून कोणी दोन मिनिटंही लढू शकणार नाही. २०००च्या आवृत्तीत ते १५ पौंडांवर आलं, २००३मध्ये ८वर आणि २०१४पासून ६ पौंड आहे, म्हणजे साधारण पावणेतीन किलो. सोळाव्या शतकातल्या जर्मन लांड्सक्नेख्टांच्या (भाडोत्री पायदळाच्या) लढाईतल्या तलवारी साधारण दोन ते साडेतीन किलोंच्या असत. त्याहून बोजड नमुने संग्रहालयांत दिसतात, पण त्यातले बरेचसे मिरवणुकीसाठी घडवलेले. म्हणजे ग्रेटसोर्डचं वजन आता जागेवर आलंय. ग्रेटॲक्सचं मात्र नाही. १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रज सैनिकांनी चालवलेल्या लांब दांड्याच्या कुऱ्हाडींची पाती रुंद पण आश्चर्य वाटेल इतकी पातळ असत आणि धार एकाच बाजूला. चित्रांत दिसणारी दोन तोंडांची लोखंडी चक्की हातात घेऊन दुसरा वार करायची वेळच येणार नाही. पाइकला, म्हणजे पायदळाच्या लांबलचक भाल्याला, तर १८ पौंड दिलेत. पाच मीटर लांबीचा खरा पाइकही एवढा जड नसायचा.

पण माझ्या मते वजन हा छोटा भाग आहे. नियमांची मूळ समजूतच अशी आहे की दुसरा हात लागला म्हणजे जोर वाढला. लाँगसोर्डचं डॅमेज एका हातात १डी८ (आठ बाजूंचा एक फासा), दोन हातांत १डी१० आणि ग्रेटसोर्डचं थेट २डी६. शाळेत किंवा तालमीत लाठी फिरवलेल्या कोणालाही विचारा. दुसरा हात मुख्यतः ताबा देतो. एक हात ढकलतो, दुसरा ओढतो आणि टोक क्षणात दिशा बदलतं. वार अर्ध्यात थांबवता येतो, चकवून दुसरीकडून आणता येतो. लांब मुठीच्या तलवारीत नेमकं हेच घडतं, म्हणून ती एकहाती तलवारीच्या दुप्पट जड असूनही मंद वाटत नाही.

या समजुतीचं टोक म्हणजे २०१४चं ग्रेट वेपन मास्टर हे फीट (पात्राने निवडायचं खास कौशल्य): नेमावर उणे ५, डॅमेजवर अधिक १०. दोन्ही हातांनी धरलेलं शस्त्र जास्त बेभरवशाचं का व्हावं? तरीही खेळताना त्यातून एक गमतीशीर खरेपणा बाहेर आला. पाचव्या लेव्हलला माझा हल्ला +७ होता, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात ७ मिळवून शत्रूची एसी (बचावाचा आकडा) गाठायची. एसी १२च्या लुटारूंवर फीट चालू ठेवणं सरळ फायद्याचं होतं. एसी १८च्या, प्लेट (पत्र्याचं पूर्ण चिलखत) घातलेल्या नाइटसमोर मात्र चार वेळा फासे टाकल्यावर कळलं की फीट बंद ठेवून नीट नेम धरलेलाच बरा. चिलखतासमोर आंधळा जोर वाया जातो, हे आकड्यांनी योगायोगाने बरोबर सांगितलं. २०२४मध्ये तो उणे ५ गेला, आपल्या पाळीत हल्ला लागला की हेवी शस्त्रांना प्रोफिशियन्सी बोनसइतकं (लेव्हलबरोबर वाढणारा आकडा) जादा डॅमेज मिळू लागलं. खेळ सुटसुटीत झाला, पण फीट कधी चालू ठेवायचं हा विचारही गेला, याची मला खंत आहे.

चिलखताचा प्रश्न मात्र दोन्ही नियमांत तसाच आहे. प्लेटवर धारेने कितीही वार केले तरी आतला माणूस कापला जात नाही. १४००नंतरच्या पहिल्या दशकात लिहिणारा इटालियन उस्ताद फिओरे देई लिबेरी असो की १४६७च्या हस्तलिखितातला जर्मन तालहोफर, दोघांकडेही चिलखतवाल्याशी लढताना एक हात पात्यावर धरून टोक काखेत, मानेपाशी, सांध्यात घुसवणं आहे. तालहोफर तर तलवार उलटी धरून मुठीच्या बाजूने हाणतानाही दाखवतो. खेळात माझी २डी६ची तलवार बनियनवाल्याला आणि प्लेटवाल्याला एकाच तऱ्हेने लागते किंवा चुकते. आणि चिलखती द्वंद्वाचं खरं शस्त्र पोलॲक्स, ज्यात पातं किंवा हातोडा, खिळा आणि बुडाचं टोक एकाच दांड्यावर असतं, ते यादीतच नाही!

आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) म्हणून एक घरचा नियम मान्य केलाय: बोनस ॲक्शन (पाळीतली एक छोटी जादा कृती) खर्चून ग्रेटसोर्ड अर्ध्या पात्यावर धरायची. मग डॅमेज १डी८ पिअर्सिंग (भोसकणारं), पण प्लेट किंवा चेनमेलवाल्यावर हल्ल्याला +२. साधा आहे, पण यामुळे शत्रूच्या अंगावर काय आहे हे मी दर वेळी विचारू लागलो.

दुसरी मोठी उणीव पल्ल्याची. माणसाच्या खांद्याइतकी उंच तलवार आणि खंजीर, दोघांचाही पल्ला ५ फूट! खऱ्या वापरात दुहाती तलवारीची किंमत जागा अडवण्यात होती. दियोगु गोमेश द फिगेइरेदू या पोर्तुगीज लेखकाने १६५१मध्ये मोंतांती या दुहाती तलवारीचे धडे लिहिले. त्यात अरुंद गल्लीत कसं लढायचं, जहाजावर कसं, अनेक जण चहूबाजूंनी आले तर त्यांना दूर कसं ठेवायचं हे आहे. वाचताना अंगरक्षकाचं शस्त्र डोळ्यांसमोर येतं. आमच्या कॅम्पेनमध्ये एका पुलावर मी एकटा उभा राहिलो, मागे जखमी क्लेरिक (पार्टीतला पुजारी). सगळ्यात रंगलेली लढाई तीच, पण नियमांनी मला काहीही मदत केली नाही. एकच रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायचा वार), पहिल्यावर वापरली की बाकीचे खुशाल शेजारून पार.

२०२४चं वेपन मास्टरी, म्हणजे प्रत्येक शस्त्राला दिलेली खास करामत, इथे थोडं सावरून घेतं. ग्रेटसोर्डला ग्रेझ मिळालंय, म्हणजे हल्ला चुकला तरी स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतकं (ताकदीच्या आकड्याइतकं) डॅमेज बसतंच. या तलवारीच्या पल्ल्यात आलेला कोरा जात नाही, असं टेबलवर खरोखर वाटू लागतं. एका वारात शेजारच्यालाही गाठणारं क्लीव्ह ग्रेटॲक्स आणि हॅलबर्डला दिलंय. माझ्या मते ते ग्रेटसोर्डला जास्त शोभलं असतं.

खरेपणाच हवा असेल तर हॅलबर्ड घ्या. १० फुटांचा पल्ला, पोलआर्म मास्टर या फीटमुळे शत्रू टप्प्यात शिरताच मिळणारा वार, दांड्याच्या बुडाने १डी४चा जादा फटका, हे सगळं जुन्या उस्तादांच्या पानांशी जुळतं. फक्त शत्रू अंगाशी आला तरी हॅलबर्डवाल्याला काहीच त्रास होत नाही. २००३च्या आवृत्तीत लांब पल्ल्याची बहुतेक शस्त्रं शेजारच्यावर चालत नसत, तो नियम मी परत आणेन.

आणि पाठीवरचं म्यान सोडा. एवढं लांब पातं खांद्यावरून उपसायला हातच पुरत नाही, खरे सैनिक ती खांद्यावर टाकून चालत. आमच्याकडे आता ग्रेटसोर्डवाल्याचा एक हात प्रवासात कायम गुंतलेला धरतात. मशाल धरायची की तलवार, हे भुयारात शिरण्याआधी ठरवावं लागतं, आणि आमच्या पार्टीत मशाल आता रोग (Rogue, म्हणजे चोर पात्र) धरतो.