घोडेस्वारीचं संरक्षक व्हेस्ट : मुंबईच्या उकाड्यात वापरल्यानंतर

महालक्ष्मी रेसकोर्सवर सकाळी रपेट करताना नवीन शिकायला आलेले लोक, विशेषतः मुलांचे आईवडील, माझ्या अंगावरच्या व्हेस्टकडे बघून विचारतात, "कुठल्या कंपनीचं घेतलंत?" मी कंपनीचं नाव सांगायच्या आधी मापाबद्दल बोलायला लागते. फोमचं लेव्हल ३ व्हेस्ट मी नोव्हेंबरपासून वापरतेय. मुंबईतली नावापुरती थंडी, एप्रिल-मेचा घाम आणि आता पावसाच्या पहिल्या सरी, सगळ्यातून ते गेलंय. एवढ्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय की व्हेस्ट दुकानाच्या आरशासमोर उभं राहून ठरवू नये, खोगिरावर बसून ठरवावं. उभ्याने चपखल वाटणारं व्हेस्ट बसल्यावर गळ्याशी येऊ शकतं. आणि गळ्याशी येणारं व्हेस्ट माणूस आधी सैल करतो, मग पुढचे बंद उघडे ठेवतो आणि शेवटी घरीच ठेवून येतो.

तरी सुरुवात लेबलपासूनच करावी लागते. युरोपचं मानक ईएन १३१५८, त्यात तीन पातळ्या. लेव्हल १ सगळ्यात हलकी, ती जॉकींसाठी, कारण शर्यतीत वजन काटेकोर मोजलं जातं. लेव्हल २ कमी धोक्याच्या कामाला. आपल्यासारख्या हौशी स्वारांना, उड्या मारणाऱ्यांना आणि अर्धवट शिकवलेला घोडा हाताळणाऱ्यांना लेव्हल ३. ब्रिटनमधल्या बीटा या संघटनेचं लेबल असेल तर रंगावरूनही कळतं: २००९च्या मानकातल्या लेव्हल ३ला जांभळं, २०१८च्या मानकाला निळं. अमेरिकेतून मागवलंत तर एएसटीएम एफ१९३७ हा आकडा शोधा. इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धेतल्या क्रॉस कंट्री फेरीत, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या मारत जाताना, व्हेस्ट सक्तीचं असतं. आपला घोडेस्वार फवाद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीला उतरला, तोही व्हेस्ट घालूनच. हौशी रपेटीला अशी सक्ती नाही, त्यामुळे चांगलं-वाईट पारखायची जबाबदारी आपल्यावरच येते.

मुंबईत एका दुकानात मला जे 'रायडिंग व्हेस्ट' म्हणून दाखवलं, त्याच्या आत फक्त साइजची चिठ्ठी होती. ना मानकाचा आकडा, ना पातळी. अंगठ्याने दाबलं तर फोम थेट दुसऱ्या बाजूच्या बोटाला टेकला. किंमत मात्र चांगली भरभक्कम. असं व्हेस्ट घेऊ नका, कितीही छान शिवलेलं असलं तरी. मोटरसायकलचं जॅकेट चालेल का, हाही प्रश्न नेहमी येतो. त्या जॅकेटमधल्या पाठीच्या पॅडचं मानक वेगळं आहे, ईएन १६२१. ते रस्त्यावरच्या अपघाताचा विचार करून बनवलेलं असतं आणि त्यात बरगड्यांच्या बाजू बहुतेक वेळा उघड्याच राहतात. घोड्यावरून पडताना माणूस कुशीवर पडू शकतो, शिवाय टाप लागायची भीती वेगळी. घोड्याचं व्हेस्ट छाती, पाठ आणि कूस असं सगळीकडून धरतं.

आता माप. तीन मापं लागतात: छातीचा घेर, कमरेचा घेर आणि पुढच्या कमरेपासून खांद्यावरून मागच्या कमरेपर्यंतचं अंतर. हे तिसरं माप बरेच जण घेतच नाहीत, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडच्या बायकांची उंची आणि युरोपातल्या तक्त्यातली उंची यांत फरक पडतो. छातीवरून मला जो साइज येत होता, तो धडाच्या लांबीने मोठा होता. मी त्याच साइजमधलं आखूड पाठीचं मागवलं. चांगल्या कंपन्या शॉर्ट, रेग्युलर, लाँग अशा लांब्या देतात. मागवताना तो रकाना रिकामा सोडू नका. माप घेताना आतला शर्ट आणि अंतर्वस्त्रं रपेटीच्या वेळची असावीत, आणि टेप दुसऱ्या कोणीतरी धरावी.

अंगात घातल्यावर बघायच्या गोष्टी अशा. मागे वरची कड मानेच्या पायथ्याशी जे ठळक हाड लागतं तिथपर्यंत यावी. पुढे वरची कड छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या टोकाशी. पुढची खालची कड शेवटच्या बरगडीच्या किमान अडीच सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे बरगड्या पूर्ण झाकल्या जातात. आणि मागची खालची कड खोगिराला टेकता कामा नये, मध्ये आडव्या पंजाएवढी जागा राहिली पाहिजे. ही शेवटची गोष्ट उभ्याने कळणं शक्यच नाही. मी पहिल्यांदा घालून घोड्यावर बसले तेव्हा आमच्या सईसमामांनी (घोड्यांची देखभाल करणाऱ्यांनी) मागून खोगीर आणि व्हेस्ट यांच्यामध्ये पंजा घालून बघितला आणि म्हणाले, "ताई, आता पुढं वाका, मग मागं रेला." वाकल्यावर ठीक होतं. मागे रेलल्यावर कड खोगिराच्या मागच्या उंचवट्याला अगदी हलकीशी लागली. खांद्याचे वेल्क्रो थोडे आवळले, व्हेस्ट वर सरकलं आणि जागा झाली. पण पुढची कड बरगडीखाली अजून पुरेशी आहे ना, हे लगेच पुन्हा बोटाने चाचपलं, कारण खांदे आवळले की पुढची कडही वर येते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नसतील, तर ती लांबी तुमच्या अंगाची नाही. बदलून घ्या.

फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि शरीराचा आकार धरतो. म्हणून व्हेस्ट घालून किमान पाच मिनिटं तसंच राहायचं आणि मग पुन्हा आवळायचं, असं सांगतात. मुंबईत हे दुपटीने लागू पडतं. एसी दुकानात किंवा एसी लावलेल्या बेडरूममध्ये फोम ताठ असतो, व्हेस्ट घट्ट वाटतं. तेच सकाळी सातला रेसकोर्सवर घाला, दोन फेऱ्यांत इतकं मऊ पडतं की कुशीला मूठ आत जाईल. त्यामुळे मी आता तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायच्या वेळी व्हेस्ट घालते, घोडा चालवत गरम करून घेते आणि दुडकीच्या आधी खांदे व कंबर दोन्ही पुन्हा ओढते. घरी घालून बघणार असाल तर पंखा बंद करून, जरा घाम येईपर्यंत बसा. खुर्चीच्या हातावर मांड टाकून बसलात तरी अंदाज येतो.

उकाडा ही खरी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. सलग फोमचे दोन मोठे तुकडे असलेली व्हेस्ट स्वस्त पडतात, पण मुंबईत मेमध्ये ती सोसत नाहीत. मी घेतलंय ते लहान लहान ठोकळ्यांचं आहे, प्रत्येक ठोकळ्याला भोकं आणि मध्ये कापडाच्या फटी. वारा खेळतो असं म्हणणार नाही, पण घोडा कँटरला, म्हणजे दुडकीपेक्षा वेगाच्या चालीला, गेला की पाठीला वारा लागल्याचं जाणवतं. बायकांना या प्रकाराचा आणखी एक मोठा फायदा: छातीवर सपाट फळी दाबल्यासारखं होत नाही, ठोकळे वळतात. खाली सुती बनियन नको, घाम पिऊन तो ओला गोळा होतो. खेळाचा पातळ टी-शर्ट घाला. आणि पाणी प्या. चाळीस मिनिटांच्या वर मी उन्हाळ्यात व्हेस्ट घालून रपेट करत नाही, आणि ऊन चढायच्या आधीच्या थंड वेळेला निघते.

मार्चमध्ये प्रत्यक्ष परीक्षा झाली. कँटरमध्ये कोपऱ्यावर कुंपणातून कावळे एकदम उडाले, घोडी बुजून आडवी सरकली आणि मी डाव्या कुशीवर पडले. रिकीब सुटली, लगाम हातात राहिला नाही. श्वास काही क्षण अडकला. बरगड्यांना काही झालं नाही. डॉक्टरांनी दाबून तपासलं, एक्स-रे साफ आला. नितंबाच्या हाडावर मात्र मोठं काळंनिळं झालं, ती जागा व्हेस्टच्या बाहेरची. दंडावरही खरचटलं. घरी आल्यावर कव्हर काढून फोमचा एकेक ठोकळा दाबून पाहिला. डाव्या कुशीच्या तीन ठोकळ्यांवर चपटा ठसा होता. अर्ध्या तासात फोम पूर्वीसारखा फुगून यायला हवा. नाही आला तर तो पुन्हा मार शोषणार नाही, आणि ते व्हेस्ट निकामी समजायचं. माझ्या ठोकळ्यांवरचा ठसा वीसेक मिनिटांत गेला, म्हणून ते वापरात आहे. जोराचा मार लागला असता किंवा घोड्याची टाप पडली असती, तर ठसा गेला तरी बदललं असतं.

व्हेस्ट काय करत नाही, हेही घेणाऱ्याला माहीत हवं. मान वाचवत नाही. गळ्याजवळचं हाड वाचवत नाही, त्यासाठी खांद्याचे वेगळे पॅड जोडता येतात आणि उड्या मारणाऱ्यांनी ते जोडावेतच. पाठीचा कणा जोरात मुडपला किंवा पिळला गेला तर फोम तिथे काही करू शकत नाही. ते थेट आदळण्याचा मार कमी करतं, बरगड्या आणि आतले अवयव यांना त्याचा उपयोग. आणि हेल्मेट नसेल तर व्हेस्टची गोष्टच काढू नये.

हवेच्या व्हेस्टबद्दलही विचारणा होते: हिट-एअर, पॉइंट टू, हेलाइट ही त्यातली माहितीची नावं. एक दोरी खोगिराला जोडलेली असते. स्वार फेकला गेला की दोरी ओढली जाते, छोट्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि व्हेस्ट क्षणार्धात फुगतं, मानेभोवतीही. मैत्रिणीचं मी वापरून पाहिलंय. अंगाला हलकं, उकाडा कमी. पण उतरताना दोरी काढायची सवय अंगवळणी पडावी लागते, नाहीतर पायउतार होतानाच ते फुटल्यासारखा आवाज करून फुगतं आणि शेजारचा घोडा बिथरतो. दर वेळी नवं सिलिंडर लागतं. परदेशातून येताना सोबत आणायचं तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं. क्रॉस कंट्रीत हे फोमच्या व्हेस्टवरून घालतात, त्याऐवजी नाही. शिकणाऱ्याने आधी फोमचंच घ्यावं, असं मी सांगेन.

देखभालीत मुंबईची हवा त्रास देते. प्रत्येक रपेटीनंतर मी व्हेस्ट उघडून पंख्याखाली टांगते, उन्हात नाही. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका, फोम खराब होतो. कव्हर कोमट पाण्यात हाताने धुते, फोम फक्त ओल्या फडक्याने पुसते. वेल्क्रोत घोड्याचे केस आणि लाकडाचा भुसा असा काही अडकतो की पकड ढिली पडते. जुन्या टूथब्रशने आडवं घासलं की निघतो. गेल्या आठवड्यात पाऊस सुरू झाल्यावर कंबरेच्या पट्ट्याच्या शिवणीत पांढरट बुरशी दिसली. पट्टा सोडवून धुतला, दोन दिवस वाळवला. आता कपाटात न ठेवता दाराच्या मागे मोकळं लटकवते.

मुलांसाठी घेणाऱ्यांना कळकळीने सांगते: वाढत्या अंगाचं घेऊ नका. गणवेशाला ते चालतं, इथे नाही. मोठं व्हेस्ट पडताना फिरतं, वर सरकतं, कड हनुवटीला लागते. माझी पुतणी बारा वर्षांची आहे. दिवाळीत बसणारं तिचं व्हेस्ट मेमध्ये पुढून आखूड पडलं, छातीचा घेर तोच असून. खर्च दुखतो हे मान्य. ब्रिटनमध्ये चांगलं लेव्हल ३ साधारण दीडशे ते अडीचशे पौंडांना मिळतं, वर पाठवणी आणि कस्टम ड्यूटी. त्यामुळे मुलांची व्हेस्ट एकमेकांत फिरवणं मला पटतं, पण ती कधी जोरात आपटली होती का, किती वर्षांची आहेत, हे देणाऱ्याने खरं सांगितलं तरच. तीन ते पाच वर्षांनी फोम बदलायचाच असतो. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन जुनं घेऊ नका. पुतणीचं व्हेस्ट आता तिच्याच बॅचमधल्या एका लहान मुलीकडे जाणार आहे. आतल्या लेबलवर मी खरेदीचा महिना पक्क्या शाईने लिहून ठेवलाय, आणि त्या मुलीच्या आईला येत्या रविवारी पोरीला घोड्यावर बसवूनच माप बघायला बोलावलंय.