नायट्रस म्हणून कार्बन डायऑक्साइड विकला: सोलापुरातली माझी फसवणूक

गाडीला नायट्रस (इंजिनाची ताकद काही क्षण वाढवणारा गॅस) बसवायचा विचार करणाऱ्या सोलापूर, बार्शी, पंढरपूर, लातूरकडच्या पोरांसाठी हे लिहितोय. नायट्रस ऑक्साइडच्या सिस्टिमचे म्हणून माझ्याकडून एक लाख पासष्ट हजार रुपये घेतले, आणि बाटलीत निघाला कार्बन डायऑक्साइड. आग विझवायच्या नळकांड्यात असतो तोच. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून त्या माणसाचं नाव घेत नाही. पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण ही फसवणूक पकडायला फार अवघड आहे आणि ती कुठल्याही शेडमध्ये चालू शकते.

गाडी २००२ ची होंडा सिटी, दीड लिटरची व्हीटेक. कंपनीतून १०६ अश्वशक्तीची. ती फक्त ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, बंद ट्रॅकवर पळवायला बांधत होतो. ओळखीतून एक ट्यूनर भेटला. पुण्यात काम करून आलेला, शहराबाहेर भाड्याने शेड घेतलेली, बोलायला गोड. ‘मालक, पन्नासचा शॉट टाकू. वेट किट, अमेरिकन माल. इंजिन उघडायची पण गरज नाही.’ पन्नासचा शॉट म्हणजे बटण दाबल्यावर पन्नास अश्वशक्ती जादा. गड्ड्याची जत्रा संपल्यावर मी पैसे दिले, अर्धे यूपीआयने आणि अर्धे रोख. रोख रकमेची पावती ‘किट आलं की देतो’ म्हणाला. ती कधीच आली नाही.

फसवणूक नेमकी कुठे लपते ते कळायचं तर नायट्रस काय करतो हे आधी सांगावं लागेल. नायट्रस स्वतः पेटत नाही. बऱ्याच जणांना ते पेट्रोलसारखं इंधन वाटतं, तसं ते नाही. त्याच्या वजनात साधारण ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने, ३०० अंशांच्या आसपास, त्याचा रेणू फुटतो आणि तो जास्तीचा ऑक्सिजन मोकळा होतो. त्या ऑक्सिजनच्या हिशेबाने जास्तीचं पेट्रोल द्यावं लागतं. पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखं जळणं) होऊन पिस्टन वितळतो. म्हणून वेट किटमध्ये दोन सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) असतात, एक नायट्रसचा आणि एक पेट्रोलचा, आणि दोन्हींना मापाच्या भोकाचे जेट. शिवाय पन्नास अश्वशक्तीमागे इग्निशन टायमिंग साधारण दोन अंश मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडायची, प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) बसवायचा आणि थ्रॉटल पूर्ण दाबलेला असल्याशिवाय, साधारण ३००० आरपीएमच्या वर गेल्याशिवाय, बटण काम करणार नाही अशी वायरिंग करायची.

हे सगळं त्या माणसाला पाठ होतं, आणि त्याने ते केलंही. टायमिंग मागे घेतलं, प्लग बदलले, डिकीत बाटली बांधली, डॅशबोर्डवर गेज लावलं. पर्जचं, म्हणजे नळीतली हवा बाहेर काढायचं, बटण दाबलं की बोनेटपाशी पांढरा फवारा सुटायचा आणि जमलेली पोरं शिट्ट्या मारायची. खोटं किट विकणारा माणूस कामातही कच्चा असेल असं आपण धरून चालतो. इथे फिटिंग बरीचशी खरी होती. खोटा होता तो आतला माल.

ओळखीच्या एकांच्या बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात लांब सिमेंटचा रस्ता आहे, तिथे चाचणी घेतली. बटण दाबलं आणि गाडी ओढण्याऐवजी बसली. मागून काळा धूर. सोडलं की पुन्हा नीट. तो म्हणाला, ‘रिच ठेवलंय मालक, सेफ आहे. लीन केलं तर पिस्टन जाईल.’ हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण त्यात अर्धं खरं आहे. सुरुवातीला पेट्रोल थोडं जास्त ठेवतात हे खरं. पण खरा नायट्रस असेल तर मिश्रण थोडं रिच असूनही गाडी ओढते, आणि ते अंगाला कळतं. आमच्या गाडीत ऑक्सिजनऐवजी न जळणारा गॅस आत जात होता आणि वर जास्तीचं पेट्रोल पडत होतं. प्लग काळेकुट्ट निघाले. डिपस्टिक काढली तर ऑइलला पेट्रोलचा वास. असं ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं, हे कुठल्याही मिस्त्रीला माहीत असतं.

मग जेट बदलले. मग ‘बाटलीचं प्रेशर कमी आहे’ म्हणून त्याने बॉटल हीटर विकला, अठरा हजारांना. महिना एप्रिलचा. सोलापूरचा एप्रिल ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. नायट्रस बाटलीत द्रवरूपात असतो. २१ अंशांना त्याचा दाब साधारण ७६० पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतो आणि किटला ९०० ते १००० पीएसआय लागतो. थंड देशात त्यासाठी हीटर लावतात. पण ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. ते त्याचं क्रांतिक तापमान आहे. आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. तिथे बाटली सावलीत ठेवायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची, कमी भरायची, हा खरा सल्ला. अशा गरमीत भरलेली बाटली तापवायला सांगणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा त्याला तुमच्या जिवाची पर्वा नाही. बाटलीच्या व्हॉल्व्हला जादा दाब झाला तर फुटणारी एक चकती असते. तिचा गॅस नळीने गाडीबाहेर जायला हवा. आमच्यात ती नळी नव्हतीच. चकती फुटली असती तर सगळा गॅस थेट केबिनमध्ये भरला असता.

हे दाजींना सांगितलं. दाजी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बाटलीत नायट्रसच आहे हे तुला कोणी सांगितलं?’

‘गेजवर प्रेशर दिसतं की दाजी. काट्यावर वजनही बरोबर भरतं.’

‘अरे, दोघांचाही रेणुभार ४४. दोघंही दाबाखाली द्रव होतात. दाबही जवळपास सारखा. तुझा काटा आणि गेज काय सांगणार?’

कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड हे जुळ्या भावांसारखे आहेत. वजन, दाब, थंडगार पांढरा फवारा, सगळं सारखं. मुख्य फरक ज्वलनात. नायट्रसमध्ये निखारा फुलतो, कार्बन डायऑक्साइडमध्ये विझतो.

दाजींनी अंगणात, उघड्यावर, हातमोजे घालून व्हॉल्व्ह अगदी जरासा उघडला आणि एका काचेच्या बरणीत गॅस घेतला. दोन्ही गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे बरणीत राहतात. मग पेटवून फुंकर मारलेली, नुसती धुमसणारी उदबत्ती आत सोडली. ती विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा विझली. मग बरणीत चुन्याची निवळी घालून हलवली, तर ती दुधाळ झाली. शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग. नायट्रस असता तर उदबत्ती भडकली असती आणि निवळी स्वच्छ राहिली असती. मी सगळा व्हिडिओ काढून ठेवला. हा प्रयोग कोणी करणार असेल तर बंद खोलीत करू नका, द्रव अंगावर येऊ देऊ नका, तोंड-नाक जवळ नेऊ नका, आणि तेल-ग्रीस लागलेल्या हाताने त्या व्हॉल्व्हला हात लावू नका. खरा नायट्रस असेल तर तेलाशी त्याचं मुळीच जमत नाही.

मग बाटली नीट पाहिली. निळ्या रंगाखाली, व्हॉल्व्हच्या गळ्यापाशी, लाल रंग दिसला. जिथे चाचणीची तारीख आणि मंजुरीचे शिक्के ठोकलेले असतात तिथे ग्राइंडर फिरवलेला. आतली नळी सरळ तळाशी गेलेली, म्हणजे उभ्या ठेवायच्या अग्निशामकाची. आडव्या बांधायच्या नायट्रस बाटलीत ती मागच्या कोपऱ्याकडे वळवलेली असते, म्हणून तर ती ठरावीक बाजू वर करूनच बसवतात. आणि फ्लेअर जोडांवर (धातूवर धातू घट्ट बसणारे जोड) पांढरी टेप गुंडाळलेली. फ्लेअर जोडाला टेप लागत नाही. तिचे तुकडे सोलेनॉइडमध्ये अडकून तो उघडाच राहू शकतो. हे मला आधी माहीत असतं तर पहिल्याच दिवशी प्रश्न विचारले असते, म्हणून इथे लिहितोय.

प्रत्येक रिफिलला तो नऊ हजार घ्यायचा. पन्नासच्या शॉटला अशी बाटली बटण दाबून ठेवल्यावर काही मिनिटंच पुरते, त्यामुळे या धंद्यातली खरी कमाई रिफिलमध्येच. ‘गॅस कुठून आणता?’ विचारलं की म्हणायचा, ‘हॉस्पिटलमध्ये आपली सेटिंग आहे.’ हे ऐकलं की तिथून उठा. ते खोटं असेल तर तुम्ही फसताय. खरं असेल तर भूल देण्यासाठी ठेवलेला गॅस चोरीला जातोय आणि कुणाच्या तरी ऑपरेशनशी खेळ चाललाय. आपल्याकडे दाबाखालचे गॅस भरणं, साठवणं ‘गॅस सिलिंडर नियम २०१६’ खाली येतं आणि त्याचे परवाने पेसो ही केंद्र सरकारची स्फोटक सुरक्षा संस्था देते, मुख्य कचेरी नागपूरला. भरणाऱ्याचा परवाना, बाटलीवरचा शिक्का आणि गॅसचं नाव असलेलं बिल, हे तीन कागद मागा. नायट्रस आणि कार्बन डायऑक्साइडचा खेळ तिसऱ्या कागदावर अडतो, कारण बिलावर खोटं नाव लिहायला असा माणूस घाबरतो.

मी व्हिडिओ दाखवला तेव्हा तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, ‘तक्रार करा की मालक. आधी तुमचीच गाडी आरटीओत जाईल.’

याच वाक्यावर त्याचा सगळा धंदा उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही, आणि कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून फसलेली पोरं गप्प बसतात. घरी सांगत नाहीत, पोलिसांत जात नाहीत, आणि तोच माणूस पुढच्या गावात पुढच्या पोराला तीच लाल बाटली निळी करून विकतो. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. पैशांचा नंतर.

मी किट उतरवलं आणि वकिलांना भेटलो. एका वस्तूच्या नावाखाली दुसरी विकणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. गाडीतल्या बदलाचा प्रश्न वेगळा, त्याचं उत्तर मी देईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी लागत नाही. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ज्यांच्याकडे असं किट आधीच बसलंय त्यांनी बाटली रिकामी करून भंगारात देऊ नका. आतला गॅस हाच पुरावा आहे. व्हॉल्व्ह घट्ट बंद करून ती गाडीतून काढा, उन्हापासून लांब, हवेशीर जागी उभी ठेवा. घासलेल्या शिक्क्याचे आणि रंगाखालच्या रंगाचे फोटो काढा, यूपीआयचे उतारे आणि चॅट जपून ठेवा. आमची बाटली दाजींच्या मागच्या पडवीत तशीच आहे. तिच्यातल्या गॅसची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी असा अर्ज आम्ही आयोगाकडे दिलाय, आणि त्यावर समोरच्याचं म्हणणं यायचं बाकी आहे.