पुढून बसलेली पिकअप आणि आळेफाट्याजवळचा कमानवाला

आमची महिंद्रा बोलेरो पिकअप २०१२ सालची आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोहोचवणे आणि भाव बरा असला की माळशेज घाट उतरून कल्याणपर्यंत किंवा वाशीपर्यंत जाणे, एवढेच काम तिने आजवर केले. वीस किलोचे साठ क्रेट घेऊन शेतातल्या कच्च्या रस्त्याने डांबरीवर यायचे, असे तेरा हंगाम गेले. एवढ्या वापरानंतर पोलाद थकले तर दोष गाडीचा नाही, हे आधीच सांगतो. गेल्या वर्षभरात मात्र ती पुढून इतकी बसली होती की गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर एक्सल चॅसीखालच्या धक्का झेलणाऱ्या रबरावर आपटायचा आणि घाटात ब्रेक लावला की नाक जमिनीकडे झुकायचे. चालकाची बाजू तर उभ्या गाडीतही खाली गेलेली दिसत असे.

या कामासाठी मी दोन ठिकाणी पैसे दिले. पहिल्या ठिकाणचे वाया गेले. दुसऱ्या ठिकाणच्या, म्हणजे नगर–कल्याण रस्त्यावर आळेफाट्याच्या अलीकडे असलेल्या एका लहानशा कमान (एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग) वर्कशॉपच्या कामाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण जुनी पिकअप वापरणाऱ्या बहुतेकांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच आणि त्यावर सुचवले जाणारे बरेच उपाय गाडीला अपायच करतात.

पहिल्या गॅरेजने चालकाच्या बाजूच्या कमानीत एक जाड, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा पाटा घालून दिला. दुसऱ्या बाजूला हातही लावला नाही. अंगणात उभी असताना गाडी आधीपेक्षा समतल दिसत होती, म्हणून मीही समाधानाने घरी आलो. दोन दिवसांनी घाटात लक्षात आले की एका बाजूची कमान दबते आणि दुसऱ्या बाजूची दबत नाही, त्यामुळे खड्ड्यातून जाताना गाडी कुशीवर कलंडल्यासारखी होते आणि जोरात ब्रेक लावला तर एका अंगाला ओढते. भरलेल्या गाडीत, उतारावर, हा धोका कोणीही पत्करू नये. कमानीचे कोणतेही काम दोन्ही बाजूंना सारखेच झाले पाहिजे, ही एक गोष्ट मला त्या घाटात कायमची पटली.

आळेफाट्याच्या मिस्त्रींनी गाडीखाली जाण्याआधी खिशातून टेप काढला. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी दोन्ही बाजूंना मोजले. चालकाच्या बाजूला ते ३९.५ सेंटिमीटर भरले आणि दुसऱ्या बाजूला ४२. टायरमधली हवा सारखी आहे का, हे पाहून त्यांनी पुन्हा मोजले आणि दोन्ही आकडे खडूने दारावर लिहून ठेवले. गाडी चांगली दोन इंच जास्त उचलून द्या, म्हणजे पुढची काही वर्षे बघायला नको, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "दादा, गाडी उचलायची नाही, होती तिथं आणायची." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, हे मला पासिंगच्या निमित्ताने माहीत होते, पण त्यांचा मुद्दा यंत्राचा होता. मूळ उंचीपेक्षा गाडी वर गेली की स्टेअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात आणि ते सगळे पुन्हा जुळवत बसावे लागते.

टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारी पीळ घेणारी दांडी, असलेल्या जुन्या सफारीसारख्या गाडीत एक बोल्ट फिरवून पुढची उंची थोडी वाढवता येते. आमच्या पिकअपला पुढेही पाट्यांचीच कमान असल्यामुळे ती सोय नाही. लांब शॅकल, म्हणजे कमानीचे टोक गाडीला जोडणारी झुलती पट्टी, घालण्याचा मार्ग अनेक जण सुचवतात. शॅकल दोन इंचांनी लांब केला तर गाडी साधारण एकच इंच वर येते, शिवाय कमान एका टोकाला झुकल्यामुळे किंगपिनचा (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिचा) कोन बदलतो आणि स्टेअरिंगचा स्वभाव बिघडतो. पुढच्या एक्सलवर लोखंडी ठोकळे ठेवून उंची घेणे तर सरळ घातक आहे, कारण ब्रेक लावताना एक्सलला बसणारा पीळ त्या ठोकळ्यांतून जातो आणि ठोकळा सरकला तर चाकावर ताबा राहत नाही. मिस्त्रींनी या दोन्ही गोष्टी करायला स्पष्ट नकार दिला. उरले दोनच मार्ग: संपूर्ण नवा संच, किंवा जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देणे.

कमानी उतरवायला अर्धा दिवस गेला. गंजलेल्या पिना रॉकेल सोडून आणि ठोकून सोडवाव्या लागल्या. सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केल्यावर त्यांनी प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासला, रॉकेलने पुसला आणि उजेडात तिरपा धरून पाहिला. चालकाच्या बाजूच्या मुख्य पाट्यावर, डोळ्याच्या, म्हणजे पिन जाण्यासाठी टोकाला वळवलेल्या गोलाच्या, वळणाशी, केसाएवढी रेघ होती. मला ती आधी दिसलीच नाही. त्यांनी तिच्यावर खडू घासून फडक्याने पुसला, तेव्हा भेगेत अडकलेली पांढरी रेषा उमटली. ती पाहून अंगावर काटा आला, कारण याच गाडीने मी मागच्याच आठवड्यात माळशेज उतरलो होतो. मुख्य पाटा तुटला तर एक्सलला जागेवर धरून ठेवणारे त्या बाजूला फारसे काही उरत नाही. दोन्ही बाजूंचे मुख्य पाटे आणि त्याखालचे दुसरे पाटे नवे घ्यायचे आणि बाकीच्यांना बाक द्यायचा, असे तिथेच ठरले.

पाट्याला बाक देण्याचे काम मी शेजारी उभे राहून पाहिले. खोलगट बाजू वर ठेवून पाटा दोन आधारांवर आडवा ठेवतात आणि मधल्या पोकळीवर घणाचे घाव घालत पाटा हळूहळू पुढे सरकवतात. घाव मोठा नसतो, पण एका लयीत पडतो आणि प्रत्येक घावानंतर पाटा बोटभर सरकतो, म्हणजे बाक एका जागी न येता सबंध लांबीत सारखा येतो. मधूनमधून ते पाटा उचलून फरशीवर खडूने काढलेल्या नव्या पाट्याच्या रेषेशी जुळवून बघत होते. घणाचे तोंड गोल घासलेले होते. त्याचे कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की ओझे आल्यावर पाट्याच्या वरच्या अंगाला ताण बसतो आणि तिथे घणाच्या धारेची खाच पडली तर पुढे भेग तिथूनच सुरू होते.

भट्टीत तापवून पाटा वाकवणे सोपे पडते आणि रस्त्याकडेला तसे करणारेही पुष्कळ आहेत. परंतु कमानीच्या पोलादाचा ताठरपणा त्याला तापवून-विझवून दिलेल्या पाण्यात असतो. सुमारे ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवायचे आणि मग ठरावीक कमी उष्णतेवर पुन्हा तापवायचे, हे सगळे नीट केले तरच ते पाणी परत येते. नुसता लाल करून वाकवलेला आणि हवेत निवू दिलेला पाटा चार भरलेल्या खेपांत पुन्हा बसतो. म्हणून कमान थंडच मारणार की तापवून, हा प्रश्न गाडी सोडण्याआधी विचारलाच पाहिजे.

जोडणीतही काटकसर झाली नाही. पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरले, पिनांभोवतीचे रबरी बुश नवे घातले आणि कमान एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्टही नवे वापरले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तितक्याच पकडीने धरत नाही. पिनांचे नट त्यांनी गाडी हवेत असताना घट्ट केले नाहीत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन कमानीवर आल्यानंतरच शेवटचा पान्हा मारला, नाहीतर बुशाचे रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहते आणि लवकर फाटते. बारीक वाटणारी ही गोष्ट मी आजवर कोणत्याही गॅरेजात पाहिली नव्हती. शेवटी दोन्ही बाजूंची उंची ४५ सेंटिमीटर भरली.

काही गोष्टी मला खटकल्या. एका दिवसात काम होईल असे सांगितले होते, त्याला अडीच दिवस लागले आणि तोडणीच्या दिवसांत मला भाड्याची गाडी करावी लागली. नव्या पाट्यांचे पक्के बिल मिळाले, मजुरीचे मात्र मागूनही मिळाले नाही. पुढची उंची बदलल्यावर हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, हे त्यांनी सांगितले नाही; ते मला पहिल्या रात्री समोरच्या ट्रकने दिवे मारल्यावर समजले. स्टेअरिंगचे चाकही सरळ रस्त्यावर थोडे तिरके राहत होते. कमान उचलली की ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टेअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांडीचा, कोन बदलल्याने असे होते. अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन दांडी जुळवून घेतल्यावर ते सरळ झाले. हा खर्च आणि हा अर्धा दिवस कामाच्या हिशेबात आधीच धरावा. रिकामी गाडी पूर्वीपेक्षा कडक चालते, पण भरलेली गाडी आता जशी रस्त्याला धरून चालते ते पाहता मला त्याची तक्रार नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला या, असे त्यांनी बजावले होते. मी गेलो तेव्हा चारही बोल्टांचे नट थोडे थोडे फिरले. त्या फेरीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. उन्हाळी टोमॅटोचा हंगाम संपल्यावर मी घरीच टेप लावून पाहिले: चालकाच्या बाजूला ४४.४, दुसऱ्या बाजूला ४४.६. नवे काम पहिल्या काही महिन्यांत एवढे बसतेच, असे मिस्त्रींनी आधी सांगून ठेवले होते. भेग पडलेला तो जुना पाटा मी मागून घेतला आहे आणि शेडच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. गाडी घेऊन निघणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती रेघ मी एकदा दाखवतो.