बँकेच्या पानावर तक्रार लिहिली आणि १,२४,५०८ रुपये गेले

एकूण १,२४,५०८ रुपये गेले. त्यातले २४,५०० मी शाखेत काउंटरसमोर उभी राहून "खातं बंद करा" म्हणत असताना गेले. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ज्याला ज्याला सांगायला जावं तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "तुम्ही ओटीपी दिला होता का?" आणि पुढचं ऐकूनच घेत नाही.

बँकेचं नाव लिहीत नाही, प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे गेलेलं आहे. आपल्याच भागातली बँक. पगार तिथे जमा होतो, मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसेही तिथेच ठेवलेले. बँकेचं फेसबुकवर पान आहे. रक्तदान शिबिर, बचत गटांचा मेळावा, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, नव्या एटीएमचं उद्घाटन, असे फोटो तिथे सारखे येत असतात. त्या फोटोंखाली लोक तक्रारी लिहितात, कारण शाखेत दिलेल्या अर्जाचं काय होतं ते कुणालाच कळत नाही. मीही लिहिली. दर तिमाहीला एसएमएसचे १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७ रुपये ७० पैसे माझ्या खात्यातून कापले जातात. ओटीपी येतो, पण पैसे जमा झाले, गेले, याचा मेसेज कित्येक महिन्यांपासून येत नाही. शाखेत लेखी अर्ज देऊन झाला होता. म्हणून आधीच्या मॅनेजरांच्या निरोप समारंभाच्या फोटोंखाली मी शाखेच्या नावासकट ही तक्रार लिहिली.

थोड्याच वेळात खाली उत्तर आलं. बँकेचाच लोगो, नाव 'ग्राहक सेवा कक्ष'. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया मोबाईल नंबर मेसेज करा." बँकेच्या पानावर, बँकेच्या लोगोखाली उत्तर आलं तर माणूस नंबर देणारच. खरी बँक आणि खोटी बँक एकाच पानावर शेजारी शेजारी उत्तरं देत असतील आणि बँकेला त्याचा पत्ता नसेल, तर ग्राहकाने ओळखायचं कशावरून? इथे पहिला इशारा देऊन ठेवते. अशा पानावर तक्रार लिहाल तर शाखेचं नाव लिहू नका, आणि उत्तर देणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून तो बँकेच्याच पानाचा आहे की कालपरवा उघडलेलं कोरं खातं आहे ते बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाअकराला फोन आला. लाईट कापण्याची धमकी, लॉटरी, डिजिटल अरेस्ट हे सगळे प्रकार मला माहीत होते. हा त्यातला नव्हता. तो हिंदीत बोलत नव्हता, आपल्याकडची स्वच्छ मराठी बोलत होता. घाई नाही, धमकी नाही, आमिष नाही. "मॅडम, एसएमएस सेवेची आपली तक्रार आमच्याकडे वर्ग झालीये." शाखा बरोबर, तक्रार बरोबर, १७ रुपये ७० पैशांचा आकडासुद्धा बरोबर. अर्थात हे सगळं त्याने माझ्याच ओळींतून उचललेलं होतं, पण ऐकताना वाटतं की अखेर कुणीतरी अर्ज वाचला.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही. तो म्हणाला, "मी आत्ताच तुमच्या मॅनेजर साहेबांशी बोललो," आणि नाव घेतलं. ते नाव बदली होऊन गेलेल्या साहेबांचं होतं. ज्या फोटोंखाली मी तक्रार लिहिली ते त्यांच्याच निरोपाचे फोटो. नव्या मॅनेजर बाई आहेत, मी अर्ज त्यांच्याच टेबलावर दिला होता. मी विचारलंही, "ते साहेब तर बदलून गेले ना?" एक सेकंदही न अडखळता तो म्हणाला, "हो मॅडम, पण सिस्टीमला अजून त्यांचंच नाव दाखवतंय." तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण हेही लक्षात घ्या, बँकेच्या वेबसाईटवर आमच्या शाखेपुढे तेव्हाही जुन्याच साहेबांचं नाव होतं आणि मी हे लिहीत असताना आजही आहे. 'सिस्टीम अपडेट नाही' हे वाक्य आम्ही त्या काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की ते खोटं वाटायचं कारणच उरलेलं नाही.

मग व्हॉट्सॲपवर एपीके फाईल आली, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट फोनमध्ये ॲप टाकायची फाईल. बँकेचं चिन्ह, 'एसएमएस सेवा अपडेट' असं नाव. फोनने अनोळखी ठिकाणचं ॲप म्हणून इशारा दिला, तेव्हा मी परत विचारलं. त्याचं उत्तर तयार होतं. "बँकेचा वेब पत्ता बदललाय ना मॅडम, म्हणून ॲपही नवीन आहे, प्ले स्टोअरवर यायला वेळ लागेल." पत्ता खरंच बदलला होता. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं आणि आमच्या शाखेत तसा कागद चिकटवलेला होता. चांगल्यासाठी केलेला बदल, पण पत्ता का बदलतोय, ग्राहकाने काय तपासायचं, याची एक ओळ त्या कागदावर नव्हती. त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. तक्रारच मेसेज येत नसल्याची होती, मग परवानगी मागितली यात वावगं काय वाटणार? पुढे फॉर्म आला, त्यात कार्डाचा नंबर, मुदत, जन्मतारीख आणि एटीएमचा पिन. शेवटी 'सेवा शुल्क १० रुपये'.

ओटीपी मी कुणालाही तोंडी सांगितलेला नाही. त्या ॲपने मेसेज परस्पर वाचून तिकडे पाठवले. कार्डाच्या माहितीवर नेटबँकिंग नव्याने सुरू केलं, पैसे पाठवायला नवा खातेदार जोडला आणि लगेच पैसे वळवले. ११:३८ ला १० रुपये. ११:५२ ला ४९,९९९. ११:५४ ला पुन्हा ४९,९९९. कधीही नेटबँकिंग न वापरलेल्या खात्यातून, नव्या फोनवरून, नुकत्याच जोडलेल्या खात्यात, सोळा मिनिटांत लाख रुपये जातात आणि बँकेच्या यंत्रणेला त्यात काही खटकत नाही! एपीके कुणीही पाठवू दे, घेऊ नका. आणि घेतलंच असेल तर पहिल्यांदा फोनचं इंटरनेट बंद करा, त्या फोनवर पुन्हा एकही पिन टाकू नका, पुढचे फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा.

फॉर्मवर चक्र फिरत राहिलं, मेसेज आल्यासारखे चमकून नाहीसे होऊ लागले, तेव्हा मी शिल्लक पाहिली आणि कळलं. १२:०६ ला बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. नऊ मिनिटं. आधी मुदत ठेवीच्या व्याजदराची जाहिरात, मग संगीत, मग परत जाहिरात, मग फोन कट. कॉल लॉग माझ्याकडे आहे. शाखा जवळ आहे म्हणून धावत गेले. १२:२० ला काउंटरला होते. "मॅडम मीटिंगला गेल्यात, त्यांच्याशिवाय होत नाही." "आधी अर्ज लिहा." "पासबुकाची झेरॉक्स जोडा." मी ओरडून सांगत होते की पैसे आत्ता जाताहेत, आधी खातं गोठवा, कागद नंतर देते. १२:३७ ला आणखी २४,५०० गेले. अर्जावर शिक्का पडला १:०५ ला. त्यानंतर खातं बंद झालं.

मधल्या वेळात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला नवऱ्याच्या फोनवरून तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी नीट माहिती घेतली, पोचक्रमांक दिला. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक त्यांना लागतो. तो मागितला तर शाखेत म्हणे पासबुक प्रिंटर बंद, स्टेटमेंट उद्या. गेलेल्या पैशांचा माग मिनिटांत घ्यायचा असतो आणि ही माणसं उद्याची भाषा करत होती. तुमचे व्यवहार क्रमांक कुठे दिसतात ते आजच बघून ठेवा.

पोलीस ठाण्यात वेगळीच तऱ्हा. "सायबरचं आहे, जिल्ह्याला जा." जिल्ह्याला गेले तर "तुमच्या ठाण्यातून पत्र आणा." बँक म्हणते एफआयआरची प्रत द्या, पोलीस म्हणतात बँकेचं पत्र द्या. कुणी म्हणालं रक्कम काही फार नाही. मुलीच्या वर्षाची फी आहे ती! माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करावा लागतो, आणि साहेब बंदोबस्तात. मग मी कायदा वाचला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कुठल्याही ठाण्यात देता येते, ऑनलाईनसुद्धा देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. कलमाचा कागद टेबलावर ठेवला तेव्हा उत्तर मिळालं, "आम्हाला कायदा शिकवू नका." ज्याने लुटलं त्याने निदान मॅडम तरी म्हटलं होतं. शेवटी एफआयआर झाला, पण तोवर परराज्यातल्या एका खात्यात फक्त १८,२०० रुपये अडवलेले राहिले होते. बाकीचे खात्यांतून खात्यांत फिरून एटीएममधून निघून गेले. ते १८,२०० मिळवायलाही मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलंय.

आणि बँकेचं लेखी उत्तर? 'ग्राहकाने गोपनीय माहिती स्वतः दिल्याने बँक जबाबदार नाही.' एका ओळीत सगळं झटकून मोकळे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला व्यापारी आणि ग्रामीण बँकांसाठी आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांसाठी परिपत्रकं काढली आहेत. त्यांत लिहिलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी त्याची जबाबदारी बँकेला कळवेपर्यंतच, कळवल्यानंतर गेलेलं नुकसान बँकेचं. मी १२:२० ला समोर उभी होते. २४,५०० गेले १२:३७ ला. बँक म्हणते, आमच्यासाठी तक्रारीची वेळ १:०५, कारण शिक्का तेव्हाचा आहे. परिपत्रकात तक्रार नोंदवायला फोन, वेबसाईट, एसएमएस, अशा चोवीस तास चालणाऱ्या सोयी ठेवायला सांगितलंय. ती सोय म्हणजे नऊ मिनिटं व्याजदर ऐकवणारा नंबर का?

त्याच परिपत्रकात आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. मेसेज का आले नाहीत असं विचारलं तर म्हणतात, त्या ॲपने ते लपवले असतील. असतील तर पाठवल्याची नोंद दाखवा. आणि त्याआधीचे कित्येक महिने कुठलं ॲप होतं माझ्या फोनमध्ये? एसएमएसचे पैसे तुम्ही तेव्हाही कापतच होता. या प्रश्नाला अजून उत्तर नाही.

म्हणून सांगते, शाखेत गेलात तर आधी वेळ लिहून घ्या. अर्जाच्या डोक्यावर तुमच्या हाताने घड्याळाची वेळ टाका, काउंटर दिसेल असा फोटो काढा, तिथूनच बँकेच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा. ईमेलवर वेळ आपोआप पडते, तिला शिक्का लागत नाही. मी हे केलं असतं तर आज २४,५०० साठी वाद घालावा लागला नसता.

बँकेने नकार दिला किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. शाखेत ही माहिती विचारली तर "तिथे काही होत नाही" म्हणून परतवतात. ऐकू नका. बँकेचा नकार लेखीच मागा. आणि बँकेच्या नावाने दहा आकडी मोबाईलवरून फोन आला तर ठेवून द्या. बँकांनी सेवेसाठी करायचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. हे मला बँकेकडून नाही, पैसे गेल्यावर स्वतः शोधून कळलं. सत्काराच्या इतक्या फोटोंत या सूचनेचा एक फोटो टाकायला काय हरकत होती?

त्या खोट्या 'ग्राहक सेवा कक्षा'बद्दल शाखेला, मुख्य कार्यालयाला, दोघांनाही लेखी कळवलंय. त्याची उत्तरं अजून पानावर तशीच आहेत. माझ्यानंतर एका पेन्शनर काकांच्या तक्रारीखालीही त्याने तेच वाक्य लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, "काका, नंबर देऊ नका, हा चोर आहे." बँकेने माझी ती ओळ काढून टाकली आणि त्याची ठेवली. तुमच्या घरातल्या कुणी अशा पानावर नंबर लिहिलेला असेल तर आजच पुसायला सांगा, आणि काही दिवस अनोळखी फोन घेऊ नका म्हणावं.