वसई किल्ल्यातील रविवारची वारसाफेरी
वसईच्या किल्ल्यात मी याआधी तीन-चार वेळा जाऊन आलो होतो. चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला नमस्कार करायचा, पडक्या चर्चमध्ये चाललेली प्री-वेडिंगची छायाचित्रणे चुकवायची आणि जेट्टीवरून परत फिरायचे, एवढाच दर वेळचा क्रम असे. गेल्या महिन्यात एका स्थानिक गटाच्या वारसाफेरीत नाव नोंदवले, माणशी 250 रुपये भरले आणि तीन तासांत कळले की आपण आजवर केवळ तटबंदी पाहत होतो. तटाच्या आत दोनशे वर्षे नांदलेले शहर पाहायचे राहूनच गेले होते.

फेरीचा सर्वांत सरस भाग फ्रान्सिस्कन चर्चमधला. तेथील जमीन म्हणजे पोर्तुगीजांच्या थडग्यांवरील शिळांची फरसबंदी आहे, हे मला ठाऊकच नव्हते. मार्गदर्शकाने एका शिळेवरची माती हाताने झटकली, बाटलीतले थोडे पाणी तिच्यावर ओतले आणि ओल्या दगडावर अक्षरे हळूहळू उमटू लागली. ‘सेपुल्तुरा’, म्हणजे थडगे, हा शब्द त्याने बोट ठेवून वाचून दाखवला. त्यानंतर आम्ही सगळेच खाली वाकून पुढच्या शिळांवर तोच शब्द शोधू लागलो. याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना 1597 मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले आणि 1862 मध्ये संतपद मिळाले, ही हकिकतही त्याने कोणताही अभिनिवेश न आणता सांगितली.

चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या 1739 च्या मोहिमेचे वर्णन करतानाही त्याचा हा संयम सुटला नाही. सुरुंग लावून बुरूज पाडण्याचे प्रयत्न, मराठ्यांची झालेली मोठी प्राणहानी आणि मे महिन्यात शरणागतीनंतर पोर्तुगीजांना कुटुंबकबिल्यासह बाहेर पडू देणाऱ्या अटी, असे सारे त्याने क्रमाने मांडले. विजयानंतर वसईला ‘बाजीपूर’ असे नाव देण्यात आले होते, हे मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. सेंट जोसेफ चर्चच्या रिकाम्या मनोऱ्याखाली उभे राहून त्याने विजयानंतर मराठ्यांनी येथून नेलेल्या घंटांचा विषय काढला, तेव्हा वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर पाहिलेली, मेरीची आकृती असलेली घंटा मला आठवली. इतकी वर्षे ती मी नाना फडणविसांच्या वाड्याची शोभा म्हणूनच पाहिली होती.

उणिवाही आहेत आणि त्या दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. एका मार्गदर्शकामागे चाळीसहून अधिक माणसे होती, ध्वनिवर्धक नव्हता आणि मागे रेंगाळणाऱ्या ज्येष्ठांच्या पदरी निम्मेच पडले. त्याहून खटकली ती हातात दिलेली पत्रिका. गुजरातच्या बहादूरशाहाने 1534 मध्ये पोर्तुगीजांशी केलेला आणि दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांशी केलेला, असे वसईचे दोन स्वतंत्र तह आहेत. पत्रिकेत त्यांची सरमिसळ होऊन चिमाजी अप्पांच्या नावावर एक तिसराच तह तयार झाला आहे. तोंडी माहिती इतकी काटेकोर देणाऱ्यांनी छापील मजकूर एकदा तरी वाचून घ्यायला हवा होता. फेरी संपल्यावर ही चूक दाखवली, तेव्हा ‘पुढच्या छपाईत बघू’ एवढेच उत्तर मिळाले. नागेश्वर मंदिर तर वेळेअभावी अक्षरशः चालता चालता उरकण्यात आले.

तरीही पैसे वसूल झाले, असे मी म्हणेन. जाणाऱ्यांनी वसई रोड स्थानकावरून सकाळी लवकर निघावे, स्वतःचे पाणी आणि टोपी सोबत ठेवावी आणि चालताना मार्गदर्शकाच्या शक्य तितके जवळ राहावे. पावसाळा संपल्यावर लगेच मात्र जाऊ नये; गुडघाभर वाढलेल्या गवतात त्या शिळा दिसणार नाहीत. जानेवारीत गवत वाळून बसलेले असते.