जिनिंगच्या स्पेअरसाठी कॅम सॉफ्टवेअर: कॅमवर्क्स, सॉलिडकॅम की फ्यूजन?

हिंगणघाट-वणीकडे एकच वीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) टाकून जिनिंगचे स्पेअर करणाऱ्या भावांसाठी हे लिहितो: कॅम, म्हणजे मॉडेलवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यावं. दसऱ्यानंतर कापूस आला की विचार करायला वेळ नसतो, तेव्हा निर्णय आताच घ्या.

कॅमवर्क्स सॉलिड मॉडेलमधली भोकं, पॉकेट स्वतः ओळखतं आणि आपल्या टेक्नॉलॉजी डेटाबेसमधून टूल, फीड (टूल पुढं सरकण्याचा वेग), आरपीएम लावतं. एम 10 च्या (10 मिमी बोल्टच्या आट्यांच्या) आठ टॅपांची फ्लँज दिली की सेंटर ड्रिल, 8.5 मिमीचं ड्रिल, मग टॅप, असा क्रम लावून मोकळं. त्यातले आकडे आपल्याला बदलता येतात, आणि मला पैसे वसूल होताना दिसतात ते इथंच. जुना मिस्त्री उद्या पुण्याला गेला तरी बिडावर (कास्ट आयर्नवर) तो कोणता फीड ठेवायचा, ते दुकानात राहतं. पण डेटाबेस भरायला आधी महिनाभर बसावं लागतं. विकणारा हे सांगत नाही.

सॉलिडकॅमच्या आयमशीनिंगची करामत रफिंगमध्ये, म्हणजे जादा माल झटपट कापून काढण्यात. मटेरियल, टूल आणि मशीन पाहून ते फीड-स्पीड काढतं, टूलवरचा भार सांभाळतं. किती जोरात कापायचं याची पट्टी 1 ते 8. आपल्या सेकंडहँड मशीनवर खालूनच सुरुवात करा. खोल पॉकेट रोज नसतील तर मात्र त्याच्यासाठी एवढा खर्च करू नये.

फ्यूजनमध्ये टेम्प्लेट आणि टूल लायब्ररी आपणच घडवायची. फुकटच्या पर्सनल लायसन्सवर दुकान चालवायचा बेत नको: ते धंद्यासाठी नाही, त्यात ऑटोमॅटिक टूल चेंज मिळत नाही आणि रॅपिडही (टूलची न कापता होणारी धाव) फीडच्या वेगानंच रांगतो.

आयत्या आकड्यांवर डोळे मिटून भरवसा टाकू नका. एकदा सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल ॲल्युमिनियमच राहून गेलं आणि खाली व्हाईसमध्ये होतं एमएस (साधं पोलाद). 12 मिमीच्या एंडमिलला (कापणाऱ्या टूलला) 6000 आरपीएम! ठिणग्या उडाल्या, एंडमिल गेली. चूक माझीच, सॉफ्टवेअरनं सांगितलेलं इमानानं केलं.

आणखी एक. आपल्याकडं जॉब फाइल म्हणून येत नाही, मोटरसायकलला बांधून येतो, तुटका. व्हर्नियर लावून मॉडेल काढल्याशिवाय ओळखणारं सॉफ्टवेअर काय ओळखणार? एकट-दुकट जॉब मी अजून कंट्रोलरवर हातानंच टाकतो. हंगामभर तेच हाउसिंग, त्याच फ्लँज लागत असतील तर कॅमवर्क्स घ्या.

डेमोवाला स्वतःचं गुळगुळीत मॉडेल घेऊन येईल. त्याच्या हातात आपलं तुटकं हाउसिंग ठेवा आणि घड्याळ बघा.