नवा फोन घेण्याआधी जुन्याची सेटिंग्ज उघडा: कमी दिसणाऱ्यांसाठी अँड्रॉइडमधील सोयी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणतात, ७६ वर्षांचे आहेत आणि गेल्या तीन वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग कमजोर होत गेला आहे. डॉक्टर याला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. अण्णा सांगतात ते अधिक नेमके आहे: "समोरच्याचा चेहरा पुसलेला दिसतो, कान मात्र नीट दिसतात." अशा माणसाला सकाळचे वर्तमानपत्र फोनवर वाचायचे असते, बँकेतली शिल्लक स्वतः पाहायची असते आणि नातवाने पाठवलेला निरोप दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यायचा नसतो. इंटरनेट त्यांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा हाताळले, म्हणजे नवखेपणही आहे आणि नजरही अधू आहे. या दोन्ही अडचणींवर अँड्रॉइड फोनमध्ये मुळातच असलेल्या सोयी किती पुऱ्या पडतात, हे आठ महिने रोज पाहून लिहिलेले हे परीक्षण आहे.

सुरुवात आमची चुकीचीच झाली. "ज्येष्ठांसाठी सोपा फोन" अशी जाहिरात करणारे एक लाँचर ॲप, म्हणजे फोनचा पहिला पडदाच बदलून टाकणारे ॲप, मी उतरवून घेतले, ज्यात सहा भलेमोठे रंगीत चौकोन होते आणि बाकी सारे लपवलेले होते. पहिल्या दिवशी अण्णा खूश होते. अडचण अशी की मोठे होते ते फक्त दार. 'इंटरनेट' लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवले की आत तीच मुंगीएवढी अक्षरे, त्याच तरंगत्या जाहिराती आणि तेच कोपऱ्यातले फुलीचे चिन्ह. पंधरा दिवसांनी त्या ॲपने स्वतःच एक जाहिरात चौकोनांच्या मधोमध आणून ठेवली, तेव्हा ते काढून टाकले आणि फोनच्या सेटिंग्जमधला ॲक्सेसिबिलिटी हा विभाग पहिल्यांदा नीट उघडून पाहिला.

या विभागात अक्षरांचा आकार आणि डिस्प्लेचा आकार अशा दोन वेगळ्या पट्ट्या असतात, आणि बहुतेक घरांत त्यांपैकी पहिलीच कोणीतरी थोडी सरकवून ठेवलेली असते. पहिलीने फक्त मजकूर वाढतो. दुसरीने आयकॉन, बटणे, मधल्या जागा असे सगळेच वाढते आणि पडद्यावर एका वेळी कमी गोष्टी मावतात, जे नवख्या माणसाच्या दृष्टीने उलट बरेच असते. अँड्रॉइडच्या १४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. त्याआधी गूगलच्या पिक्सेल फोनवर ही मर्यादा १३० टक्के होती. या वाढीत एक चांगला विचार केलेला आहे: बारीक मजकूर जास्त वाढतो आणि आधीच मोठी असलेली शीर्षके त्या मानाने कमी, त्यामुळे एकच शब्द अख्खा पडदा व्यापून बसत नाही.

तरीही 'जितके मोठे तितके चांगले' असे समजून पट्टी टोकाला नेऊ नये. अण्णांचा मधला भाग गेला आहे आणि कडेची नजर शाबूत आहे, म्हणून मोठे अक्षर त्यांना उपयोगी पडते. आमच्या शेजारच्या काकूंना काचबिंदू आहे. त्यांचे उलट झाले आहे: कडा मिटत आल्या आहेत आणि नळीतून पाहावे तसे मधले तेवढे दिसते. त्यांच्या फोनवर मी उत्साहाने अक्षरे दुप्पट केली, तर त्यांना एका वेळी दोनच अक्षरे दिसू लागली आणि वाक्य हरवले. त्यांच्यासाठी आकार मध्यम ठेवून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे केली, तेव्हा जमले. डोळ्यांचा आजार कोणता, हे विचारल्याशिवाय कोणाचाही फोन 'सोपा' करायला घेऊ नये.

देवनागरीची म्हणून एक वेगळी पीडा आहे, जी इंग्रजीतून फोन वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार असतो आणि खाली उकार, ऋकार. ज्या ॲपमध्ये बटणाची उंची ठरावीक बांधून टाकलेली असते, तिथे अक्षर मोठे केले की वरचे आणि खालचे कापले जाते. एका बँकेच्या ॲपमध्ये अण्णा बराच वेळ एका बटणाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "हे 'पढ' काय आहे रे?" ते 'पुढे' होते. उकार खाली गेला होता आणि मात्रा वर. दोष फोनचा नव्हता, ते ॲप बांधणाऱ्याचा होता. पण ज्याला मुळातच अर्धे अक्षर दिसते, त्याच्या हातून उरलेलेही काढून घेतल्यासारखे ते होते.

मॅग्निफिकेशन, म्हणजे पडद्याचा हवा तो भाग भिंगाखाली धरल्यासारखा मोठा करणे, ही सोय चांगली आहे, पण ती सुरू कशी करायची हे विचारपूर्वक ठरवावे लागते. पडद्यावर तीनदा टिचकी मारण्याचा पर्याय निवडला, तर प्रत्येक साध्या टिचकीनंतर फोन क्षणभर थांबतो, कारण दुसरी आणि तिसरी येते आहे का याची त्याला वाट पाहावी लागते. नवखा माणूस त्या क्षणात "लागले नाही वाटते" असे समजून पुन्हा बोट टेकवतो आणि भलतेच काही उघडून बसतो. त्यापेक्षा कडेला तरंगणारे ॲक्सेसिबिलिटीचे बटण ठेवावे. आम्ही तसेच केले.

आता आवाजाविषयी, कारण खरा फरक तिथे पडला. टॉकबॅक हा अँड्रॉइडचा पडदावाचक बहुतेकांना ऐकून माहीत असतो आणि म्हणून घाईने तोच सुरू केला जातो. टॉकबॅक चालू झाला की फोनचे सगळे व्याकरणच बदलते: एकदा बोट टेकवले की तो त्या जागेचे नाव वाचतो, उघडायचे असेल तर दोनदा टेकवावे लागते आणि पान सरकवायला दोन बोटे लागतात. ज्यांना अजिबात किंवा जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यांच्यासाठी हे फार ताकदीचे साधन आहे आणि कोणी शेजारी बसून काही दिवस शिकवले तर ते अंगवळणीही पडते. अण्णांना मात्र कडेने दिसते. दिसणाऱ्या बटणावर बोट ठेवूनही ते उघडत नाही, याचा त्यांना दुसऱ्याच दिवशी संताप आला. तो रास्त होता.

त्यांच्यासाठी योग्य सोय निघाली ती सिलेक्ट टू स्पीक. हिच्यात फोन नेहमीसारखाच चालतो. कडेचे बटण दाबून मग ज्या मजकुरावर बोट ठेवाल, तेवढाच तो मोठ्याने वाचतो आणि थांबतो. गूगलच्या वाचनसेवेत मराठी आवाज आहे, तो एकदा उतरवून घेतला की झाले. उच्चार बऱ्यापैकी स्वच्छ आहेत. लिहिण्याच्या बाजूने पाहिले, तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून टंकता येते. कीबोर्डवरची अक्षरे अण्णांनी शोधणे ही सोय चालू केली त्या दिवसापासून थांबले. त्यांच्या निरोपांत विरामचिन्हे नसतात, एवढीच काय ती तक्रार आमच्या बहिणीची आहे आणि ती मराठीची शिक्षिका असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष करता येते.

वेबपाने वाचण्यासाठी दोन गोष्टी केल्या. क्रोमच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये सक्तीने झूम चालू ठेवण्याचा एक पर्याय आहे. काही संकेतस्थळे आपली मांडणी बिघडू नये म्हणून दोन बोटांनी पान मोठे करण्यास चक्क मज्जाव करतात. हा पर्याय निवडला की तो मज्जाव उठतो. हा मज्जाव करण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला एकदा अण्णांचा चश्मा घालायला द्यावा असे वाटते. वर्तमानपत्रासाठी मात्र फायरफॉक्स ठेवला. त्यातील वाचनदृश्याचे चिन्ह दाबले की जाहिराती, शेजारच्या बातम्या, हलणारी चित्रे सगळे बाजूला होऊन फक्त शीर्षक आणि मजकूर उरतो. पार्श्वभूमी काळी किंवा पिवळसर करता येते आणि अक्षर हवे तेवढे वाढते. हे दृश्य फक्त लेखासारख्या पानांवर मिळते, अर्ज भरण्याच्या पानांवर नाही. वापरातली चार संकेतस्थळे होम स्क्रीनवर आयकॉनसारखी ठेवली आणि आयकॉन हलू नयेत म्हणून मांडणीला कुलूप लावले. हे शेवटचे काम अर्ध्या मिनिटाचे होते, पण नवख्या माणसाला त्याचा उपयोग बाकी सगळ्यापेक्षा अधिक झाला, कारण अण्णा आयकॉन वाचत नाहीत, त्यांची जागा लक्षात ठेवतात.

संगणकाबद्दल थोडक्यात: ज्यांना विंडोजवर काम करायचे आहे, त्यांनी एनव्हीडीए हा पडदावाचक वापरावा. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला आणि तो आजही विनामूल्य मिळतो. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक या वाचनसेवेचा मराठी आवाज यांत्रिक आहे, पण वेगाने ऐकण्याची सवय असणारे तोच पसंत करतात. वेबपानावर एच ही कळ दाबली की तो थेट पुढच्या शीर्षकावर जातो, अर्थात पान बांधणाऱ्याने शीर्षकाला शीर्षक म्हणून खूण केली असेल तर.

आणि या सगळ्या सोयींची हद्द नेमकी इथेच संपते. फोन आपल्या बाजूने जे करायचे ते करतो. पान बांधणाऱ्याने साथ दिली नाही तर तो हतबल होतो. एका सरकारी संकेतस्थळावर दाखल्यासाठी अर्ज करताना वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायला सांगितली गेली आणि ती ऐकण्याचा पर्याय नव्हता. शेवटी मिळालेली पीडीएफ म्हणजे कागदाचे छायाचित्र होते, त्यावर सिलेक्ट टू स्पीकने मौन पाळले. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५ ला १ असावा आणि अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवली तरी काही कापले जाऊ नये, हे जागतिक निकष २००८ पासून लिहून ठेवलेले आहेत. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. फिकट राखाडी अक्षरांतले अर्ज तरीही रोज नव्याने निघत आहेत.

तेव्हा विकत घ्यायचे की नाही, असे विचाराल तर काहीही विकत घेऊ नका. आमचा खर्च शून्य झाला. दोन दुपारी मोकळ्या ठेवा, एका दिवशी एकच बदल करा आणि तो चार दिवस वापरून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. टॉकबॅक करून पाहणार असाल, तर आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद एकत्र दाबून तो बंद करण्याचा शॉर्टकट आधी ठरवून घ्या, नाहीतर तो बंद करण्याच्या बटणापर्यंत पोहोचण्यातच संध्याकाळ जाते. वाचनाचा वेगही बेताचा ठेवा. अण्णांनी पहिल्या आठवड्यात केलेली मागणी एकच होती: "त्या बाईंना म्हणावं, मला गाडी पकडायची नाही." वेगाची पट्टी दोन घरे मागे घेतली. तिथेच ती आजही आहे. ओटीपी मात्र तीस सेकंदांत टाकायचा असला की अजूनही मला फोन येतो.